एकदा वाजली तर आतून: एका जुन्या स्लॅशरचं बेळगावी रूप

पार्श्वभूमी

बेळगावात शहापूर-वडगाव-खासबाग या विणकरांच्या पट्ट्यात पाच जणांच्या एका गटाने जुना भयपट नव्याने करायचं ठरवलं. पाचांपैकी तिघे जत्रेतल्या नाटकांत वाढलेले, एक लग्नाचं चित्रीकरण करणारा आणि एक ध्वनीचं काम शिकलेला. लांबी चाळीस मिनिटांपर्यंत, भाषा बेळगावी मराठी, जिथे जशी येईल तशी कन्नड. हाताशी सव्वातीन लाख रुपये आणि अकरा रात्री. ओळख पटू नये म्हणून काही तपशील इथे बदलले आहेत. निर्णय कसे झाले आणि कुठे चुकले, ते मात्र जसंच्या तसं आहे.

निवडलेला चित्रपट १९७४ चा, बॉब क्लार्क दिग्दर्शित ‘ब्लॅक ख्रिसमस’. नाताळच्या सुट्टीत रिकामं होत चाललेलं मुलींचं वसतिगृह, तिथे येणारे किळसवाणे निनावी फोन, एकेक करून नाहीशा होणाऱ्या मुली, आणि शेवटी कळतं की फोन घरातूनच येत होते. स्लॅशर म्हणजे एकच मारेकरी, बंदिस्त जागा आणि एकामागून एक बळी. हा साचा पुढे शेकडो चित्रपटांनी घासून गुळगुळीत केला, पण त्याच्या पहिल्या नमुन्यांत या चित्रपटाचं नाव घ्यावंच लागतं. मारेकरी कोण, तो असं का करतो, हे शेवटपर्यंत कळत नाही.

या चित्रपटाचे दोन रिमेक झाले आणि गटाने दोन्ही पाहिले होते. २००६ च्या रिमेकने मारेकऱ्याचं अख्खं बालपण उलगडून दाखवलं. २०१९ च्या रिमेकने मारेकरीच बदलला: एकटा वेडा जाऊन कॉलेजातल्या पुरुषांचं टोळकं आलं, आणि अमेरिकेत तेरा वर्षांच्या मुलांनाही पाहता येईल इतपत रक्त कमी केलं. दोघांनी मूळ गोष्टीत आपापली भर घातली. मूळ चित्रपटातली भीती नेमकी कशावर उभी आहे, ती कळ मात्र दोघांनाही फारशी सापडली नाही, असं आमचं मत.

अडचण

पहिल्या मसुद्यात चार खून होते, कोयता होता, पावसाळी रात्र होती आणि मारेकऱ्याला सूडाचं कारण होतं. वाचनाला बसलेल्यांना तो ‘बरा’ वाटला. भयपटाच्या संहितेला बरी म्हणणं म्हणजे ती फेकून देण्याजोगी आहे, हे गटाला तेव्हाच कळायला हवं होतं. प्रत्यक्षात त्यावर दोन महिने गेले.

खरी अडचण फोनची होती. घरातूनच फोन येतो, ही कल्पना एका घरात दोन स्वतंत्र टेलिफोन लाइनी असण्यावर टिकलेली आहे. मूळ चित्रपटात वसतिगृहाच्या बाईंची लाइन वेगळी आहे, म्हणून तिथून मुलींच्या फोनवर घंटी जाऊ शकते. आज प्रत्येकीच्या हातात मोबाइल आहे, पडद्यावर नंबर दिसतो, आणि फोन आतून आला की बाहेरून, याला काही अर्थच उरत नाही. मसुद्यात व्हॉट्सअॅपवरचे आवाजी निरोप घातले होते. त्यातून त्रास दिसत होता. मारेकरी याच छताखाली आहे, ही जाणीव होत नव्हती.

दुसरी अडचण हक्कांची. भारतीय कायद्याप्रमाणे चित्रपटाचं संरक्षण प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं, म्हणजे १९७४ च्या चित्रपटाचं २०३४ अखेरपर्यंत. परदेशी चित्रपटाला इथे कोण विचारतं, असं गृहीत धरणारे बरेच भेटतात. तसं नाही. आंतरराष्ट्रीय करारातल्या देशांच्या कृतींनाही आपल्याकडे संरक्षण आहे.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय हक्क विकत घेण्याचा. सव्वातीन लाखांच्या गटासाठी तो चर्चेपुरताच. नुसत्या पत्रव्यवहारात वर्ष गेलं असतं.

दुसरा, मूळ चित्रपट हुबेहूब उतरवायचा. हट्टाने असं करून पाहिलेल्यांचं उदाहरण आहे: १९६० चा ‘सायको’ गस व्हॅन सँट यांनी १९९८ मध्ये जवळजवळ एकेक शॉट तसाच ठेवून पुन्हा केला. त्यातून एकच गोष्ट सिद्ध झाली, की शॉट उचलता येतात आणि काळ उचलता येत नाही. हक्कांशिवाय तर हा सरळ गुन्हा.

तिसरा, कल्पना घ्यायची आणि मांडणी सगळी आपली करायची. यासाठी गटाने वकिलाकडून आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स हा सर्वोच्च न्यायालयाचा १९७८ चा निकाल समजून घेतला. कल्पना, विषय, कथासूत्र यांवर कोणाचा हक्क नसतो, हक्क असतो तो त्यांच्या मांडणीवर. दुसरी कृती पाहणाऱ्याला ‘ही त्याचीच नक्कल’ असं निःसंशय वाटलं, तर हक्कभंग. वकिलाने कागदावर दोन रकाने पाडायला लावले. डावीकडे मूळ चित्रपटातली ओळखू येणारी प्रत्येक गोष्ट: मारेकऱ्याच्या डोळ्यांतून घरात शिरणारा सुरुवातीचा शॉट, प्लॅस्टिकने गुदमरवणं, काचेची वस्तू हत्यार म्हणून, पोलिसांनी फोनचा माग काढणं, गरोदर नायिका, संशयित प्रियकर. उजवीकडे प्रत्येकासमोर ‘काढलं’ किंवा ‘त्याऐवजी काय’. डाव्या रकान्यातलं काहीही उजवीकडे तसंच उरलं नाही, तेव्हाच पुढचा मसुदा सुरू झाला.

हा कागद कायद्यासाठी केला होता, पण लिहिण्याला त्याचाच जास्त उपयोग झाला. ओळखीच्या सगळ्या वस्तू काढल्यावर हातात तीनच गोष्टी उरल्या: सुट्टीत रिकामी होणारी जागा, आतून येणारा फोन आणि न कळणारा माणूस. रिमेक या तिघांचाच करायचा होता.

गाड्या का बंद

मुली सुट्टीला घरी का जात नाहीत? मूळ चित्रपटात कोणी थांबतं, कोणी निघायच्या बेतात असते. बेळगावात याचं उत्तर शोधायला लांब जावं लागत नाही. सीमाप्रश्नावरून तापलं की महाराष्ट्राची एसटी कोगनोळीच्या पुढे येत नाही आणि इकडच्या गाड्या निपाणीच्या पुढे जात नाहीत. कोल्हापूर, चंदगड, गडहिंग्लजकडच्या मुली अडकतात. नोव्हेंबरच्या सुरुवातीला दिवाळी आणि अशी परिस्थिती एकत्र आली, तर वसतिगृहात चार-पाच जणी उरणं अगदी साहजिक.

गटात यावरच सर्वांत जास्त भांडण झालं. एकाचं म्हणणं, कारण स्पष्ट दाखवा: तारीख, मोर्चा, बंद दुकानं. दुसऱ्याचं म्हणणं, तसं केलं की पुढची चाळीस मिनिटं प्रेक्षक मारेकऱ्याची भाषा शोधत बसेल. शिवाय सार्वजनिक शांततेचा मुद्दा प्रमाणपत्राच्या वेळी येणार, आणि त्याआधीच गल्लीत येणार.

ठरलं ते असं. पहिल्या मसुद्यातली पावसाळी रात्र वगळली. कारणाचा उच्चार कुठेही नाही. एक मुलगी पिशवी घेऊन परत येते, चप्पल काढता काढता म्हणते, “गाड्या बंद हाईत म्हणं.” दुसरी विचारते, “कवा सुरू होणार?” ती खांदे उडवते. बस. सीमाभागातल्या प्रेक्षकाला याहून एक शब्द जास्त लागत नाही. पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाला ‘गाड्या बंद’ एवढंच कळतं आणि गोष्ट अडत नाही. आमच्या मते संपूर्ण संहितेतला हा सर्वांत हुशार निर्णय.

फोनवरच्या आवाजालाही हाच प्रश्न होता. तो मराठी बोलला तरी एका बाजूचा, कन्नड बोलला तरी एका बाजूचा. मूळ चित्रपटात फोनवरचा आवाज अनेक आवाज मिसळून केलेला आहे. तो आवाज न उचलता गटाने फक्त मोजणी ठेवली: “ओंदु, दोन, मूरु, चार...” बेळगावात लहान मुलं लपंडावात अशी कन्नड-मराठी सरमिसळ सहज करतात. पुरुष, म्हातारी आणि मूल अशा तीन आवाजांत ती वेगवेगळी ध्वनिमुद्रित केली आणि प्रत्येक आकड्याला आवाज बदलला. शिव्या नाहीत, धमकी नाही. कोणीतरी राज्य घेऊन डोळे मिटून मोजतंय, एवढंच.

इंटरकॉमची कळ

फोनचा प्रश्न काळ मागे नेऊन सुटला. गोष्ट १९९६ मध्ये नेली: मोबाइल नाही, गावात पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ, रात्री दर उतरले की तिथे रांग. पण नुसतं मागे जाऊन दोन स्वतंत्र लाइनींची अट सुटत नव्हती. लहानशा खासगी वसतिगृहात दोन नंबर कोण घेणार?

ध्वनीवाल्याने सुचवलं, इंटरकॉम. त्या काळी हॉस्पिटलं, लॉजं, वसतिगृहं यांत ‘दोन-आठ’चं ईपीएबीएक्स, म्हणजे आतले फोन एकमेकांना जोडणारं मशीन, सर्रास असायचं: बाहेरच्या दोन लाइनी, आतले आठ फोन. एक बाहेरची लाइन असली तरी आतल्या आत खोलीखोलीला फोन लागतो. आणि या मशीनची एक सवय गोष्टीचा कणाच बनली. बाहेरून फोन आला की घंटी जोडीने वाजते, ट्रिंग-ट्रिंग, थांबून पुन्हा ट्रिंग-ट्रिंग. आतून आला की एकेरी, एक लांब ट्रिंग, मग विराम. म्हणजे निनावी फोन आतून येतोय, हे पहिल्याच फोनला प्रेक्षकाच्या कानावर पडलेलं असतं. फक्त कोणी ऐकत नाही. पोलिसांचा माग काढण्याचा सगळा भाग अनावश्यक ठरला आणि डाव्या रकान्यातली सर्वांत मोठी नोंद आपोआप निघाली.

चित्रपटाची सुरुवात आता फोनशेजारी भिंतीला चिकटवलेल्या हस्तलिखित यादीवर होते: ११ वॉर्डन, १२ स्वयंपाकघर, १३ ते १७ खोल्या. १८ समोर काही लिहिलेलं नाही.

मशीन जुन्या बाजारात सापडलं, पण भंगारातला ईपीएबीएक्स सेटवर चालवायचा तर काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. एक, घंटीचा विद्युतदाब नुसत्या लाइनपेक्षा बराच जास्त असतो. उघड्या तारेला हात असताना घंटी गेली तर चांगला झटका बसतो, म्हणून जोडणी मशीन बंद ठेवूनच. दोन, छोट्या मशीनची घंटी ढकलण्याची ताकद कमी असते. खरी पितळी घंटी असलेले जुने जड फोन दोन जोडले की टण्ण ऐवजी टिकटिक येते. गटाने नायिकेच्या खोलीत एकच घंटीचा फोन ठेवला आणि बाकी बटणांचे. १९९६ ला दोन्ही प्रकार वापरात होते, त्यामुळे काळाला बाध आला नाही. तीन, मशीन खरंच चालू ठेवलं. ध्वनीवाला माळ्यावर बसून १८ वरून नंबर फिरवायचा आणि कधी फिरवणार ते नटींना सांगत नसे. पहिल्या दोन फोनांना त्यांचे खांदे जे उडाले ते तालमीत कधीच उडाले नव्हते.

मागांचा आवाज

वसतिगृह म्हणून घेतलेल्या घराची मागची भिंत यंत्रमागाच्या शेडला लागून. माग चालू असताना शेडमध्ये दोन माणसांना बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागतं. घरात तीच खटखट भिंतीतून दबून येते, दिवसभर, रात्री उशिरापर्यंत. चित्रीकरणाला हा अडथळा होता आणि सुरुवातीला शेडच्या मालकांना माग बंद ठेवायची भरपाई द्यायचा विचार झाला. मग कोणीतरी म्हणालं, बंद कशाला? या आवाजात किंकाळी ऐकू येणार नाही. आणि लोडशेडिंगला लाइट गेला की सगळे माग एका क्षणात थांबतील. त्या शांततेची भीती विकत आणता येत नाही.

संवाद मागांच्या आवाजात घेता येत नाहीत. म्हणून माग चालू असल्याचे प्रसंगही माग थांबल्यावर चित्रित केले आणि नटींना चढ्या आवाजात बोलायला लावलं. इथेच नवखे चुकतात: नंतर मागून आवाज घातला की पात्रं कुजबुजत असतात आणि भोवती कारखाना. एक नट कानात छोटं इअरफोन घालून मागांचा आवाज ऐकत बोलला की बाकीचे आपोआप त्याच्या पट्टीत येतात.

मागांचा आवाज तीन ठिकाणी वेगळा मुद्रित केला: शेडच्या दारात, घराच्या आतल्या भिंतीशी आणि गल्लीच्या टोकाला. एकच आवाज संगणकावर कमी-जास्त केला तर तो लांबचा वाटत नाही, हळू वाटतो. भिंत खर्ज ठेवते आणि धोट्याची, म्हणजे मागावर आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या लाकडी तुकड्याची, टकटक खाते. तो फरक भिंतीकडूनच घ्यावा लागतो.

शेडच्या मालकांनी एक दिवस संहितेबद्दल विचारलं. मारेकऱ्याच्या हातात आता कोयत्याऐवजी धोटा आहे हे त्यांना कळलं होतं. “मारणारा आमच्यातलाच दाखवूलाय काय?” तोपर्यंत लेखकाच्या मनात मारेकरी म्हणजे कामावरून काढलेला विणकर असं होतं, अजून बोलून दाखवलं नव्हतं इतकंच. ज्यांच्या शेडमध्ये चहा पिऊन शूटिंग करायचं त्यांच्याच माणसाला खुनी करायचं, हे मालकांच्या प्रश्नाने उघडं पडलं. त्या संध्याकाळी मारेकऱ्याचा भूतकाळ काढून टाकला. २००६ च्या रिमेकची चूक टळली, पण ती तत्त्वामुळे नाही, शेजाऱ्यामुळे टळली. धोटा राहिला. तो वसतिगृहाच्या माळ्यावर जुन्या सामानात पडलेला दाखवला, म्हणजे कोणाच्याही हाती लागावा असा.

हत्यार, रक्त आणि आकाशकंदील

कोयता सोडण्यालाही कारण होतं. शेतीचं अवजार म्हणून तो बाळगायला हरकत नसली, तरी रात्री गल्लीत कोयता घेऊन धावणारा माणूस दिसला की पोलिसांना फोन जातो, आणि जायलाच हवा. गटाने तरीही ठाण्यात लेखी कळवलं होतं: दिवस, वेळ, माणसं, नकली हत्याराचा फोटो.

धोटे दोन. जवळच्या शॉटला खरा, लाकडी, टोकाला पोलादी. त्याच्या अवतीभवती हातभर अंतरात कोणी नाही. झटापटीला ईव्हीए फोमचा कोरून रंगवलेला. फोमचा धोटा संथ हालचालीत लवतो आणि ते कॅमेऱ्याला दिसतं, म्हणून तो फक्त जलद शॉटमध्ये.

रक्तासाठी पहिल्यांदा काकवी घेतली, कारण गुऱ्हाळं जवळ आणि स्वस्त. काकवीचा मूळ रंग तपकिरी, त्यामुळे कितीही लाल घाला, ते वाळलेल्या रक्तासारखं दिसतं. त्या कामाला उत्तम, ताज्याला नाही. शिवाय अर्ध्या तासात मुंग्या आणि सकाळी गांधीलमाश्या. ताज्यासाठी बेकरीच्या सामानात मिळणारं लिक्विड ग्लुकोज घेतलं: एक किलोला साधारण २०० मिलीलिटर कोमट पाणी, खाण्याचा लाल रंग, दोन छोटे चमचे कोको पावडर आणि निळ्या रंगाचा थेंब. कोको अपारदर्शकपणा देते. त्याशिवाय ते सरबत दिसतं. कपड्यांवर टाकायच्या भागात चमचाभर भांड्यांचं लिक्विड घातलं की डाग बऱ्यापैकी निघतो, पण ते मिश्रण तोंडाजवळ वापरायचं नाही, बाटलीवर ठळक लिहून वेगळं ठेवायचं. चुन्याच्या भिंतीला लाल रंग लागला की तो आत शोषला जातो आणि नंतर किती हात मारले तरी गुलाबी झाक वर येते. घरमालकांना एक भिंत रंगवून द्यावी लागली.

आणि मग खरी फजिती. दिवाळी म्हणून चौकात लाल कागदाचा आकाशकंदील लावला होता आणि दृश्याचा उजेड त्याचाच ठेवला होता. पहिल्या टेकला फरशीवरचं रक्त पाण्यासारखं फिकट दिसलं. लाल उजेडात लाल वस्तू उजळ होते, पांढऱ्या फरशीत मिसळून जाते. रक्त गडद करून उपयोग नव्हता, कंदील बदलायला हवा होता. हिरव्या कागदाचा लावला, त्यात तेच रक्त काळं दिसू लागलं. प्रेक्षकाला आधी वाटतं तेल सांडलंय, मग दार उघडून आतला पिवळा उजेड पडतो आणि ते लाल होतं. हे योजून सुचलं नसतं, हेही खरं. पण रक्ताची चाचणी त्याच जागी, त्याच दिव्यात आदल्या रात्री घेतली असती, तर एक रात्र वाचली असती.

दिव्यांबद्दल एवढंच की ५० हर्ट्‌झच्या विजेवर स्वस्त एलईडी आणि चोकच्या ट्यूब कॅमेऱ्यात लुकलुकतात. शटर १/५० ठेवलं की बहुतेक वेळा प्रश्न मिटतो. रस्त्यावरचे आजचे एलईडी दिवे १९९६ ला नव्हते, तिथे नारिंगी सोडियमसारखा त्या काळचा दिवा हवा. गटाने रस्ता दाखवणंच टाळलं.

पहिलं दाखवणं

पहिला जोड, म्हणजे पहिलं संकलन, एका घरी बावीस जणांना दाखवला. मागांच्या शांततेला काम झालं. मोजणीला काम झालं. घंटीचं काय झालं?

कोणालाच काही कळलं नव्हतं. दोन कारणं होती. संकलनाच्या घाईत एका सहायकाने सेटवरची घंटी गोंगाटी म्हणून काढून तयार आवाजांच्या साठ्यातली घंटी सगळीकडे टाकली होती, आणि ती सगळीकडे जोडीची होती. चित्रपटाचा कणाच काढून टाकलेला, आणि तो मोडलाय हे गटातल्या कोणाच्याही कानाला आठ दिवस समजलं नव्हतं. दुसरं कारण जास्त खोल होतं. बरोबर घंटी असती तरी पंचविशीच्या आतल्या प्रेक्षकाला एकेरी आणि जोडीच्या घंटीतला फरक माहीतच नाही.

प्रेक्षकांत टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले एक काका होते. त्यांनी वेगळंच काढलं. “लाइट गेल्यावर त्या पोरीच्या खोलीतला फोन वाजला कसा?” मशीन विजेवर चालतं. बॅटरी नसेल तर लाइट गेला की आतले सगळे फोन मुके. फक्त बाहेरची लाइन ठरवलेल्या एका फोनला थेट जोडली जाते आणि तो एकटाच जिवंत राहतो. गटाच्या शेवटच्या प्रसंगात अंधारात, मागांच्या शांततेत, नायिकेच्या खोलीतला फोन एकेरी वाजत होता. सगळ्यांत भीतीदायक क्षण, आणि तो घडणंच अशक्य.

इथे दोन पर्याय होते. मशीनखाली एक बॅटरी ठेवल्याचा एक शॉट घालायचा, पंधरा मिनिटांचं काम. किंवा शेवट बदलायचा. बॅटरीच्या बाजूने तिघे होते: पैसे संपले होते आणि ‘कोण एवढं बघतं’ हे नेहमीचं वाक्य होतंच. पण ज्या चित्रपटात घंटी हाच पुरावा, त्यात घंटीबद्दल खोटं बोलायचं म्हणजे बाकी काहीच उरत नाही.

बदल

दोन रात्री आणि अठ्ठावीस हजार रुपये वाढले.

सुरुवातीला वॉर्डनबाई नव्या मुलीला फोन दाखवतात असा अर्ध्या मिनिटाचा प्रसंग घातला: “एकदा वाजली की आतनं, दोनदा वाजली की बाहेरनं. बाहेरचा असला तर पळत यायचं, एसटीडीचे पैशे जातात लोकांचे.” सूचना विनोदात लपवली. लाइट गेल्यावर फक्त त्यांच्याच खोलीतला फोन चालतो, हेही त्या कुरकुरत सांगतात, कारण त्यावरून मुली त्यांना रात्री-अपरात्री उठवतात. सेटवरच्या खऱ्या घंट्या परत आल्या.

शेवट असा झाला. माळ्यावरच्या १८ नंबरबद्दल नायिकेला कळलेलं आहे, ती खोलीला आतून कडी लावून बसलेली आहे. मोजणी फोनवर चालू आहे. लाइट जातो. माग थांबतात. हातातला फोन मुका होतो. बराच वेळ काही नाही. मग खाली, वॉर्डनबाईंच्या रिकाम्या खोलीत फोन वाजतो. ट्रिंग-ट्रिंग. जोडीने. बाहेरून. कोणीतरी बूथवरून करतंय, मदत आहे. ती कडीला हात घालते. ट्रिंग-ट्रिंग. आणि तिसऱ्यांदा वाजत नाही.

कोणीतरी उचलला.

शेवटचा खून काढून टाकला. चित्रपटातले मृत्यू चारावरून दोनावर आले आणि त्यातला एक फक्त आवाजात.

निकाल

दुसऱ्या वेळी चोवीस जण होते, आधीचं कोणीही नाही. चित्रपट संपल्यावर कागदावर एकच प्रश्न: फोन आतून येतोय हे कधी कळलं? नऊ जणांनी नायिकेच्या आधीचा प्रसंग लिहिला, अकरा जणांनी नायिकेबरोबर, चौघांनी रकाना कोरा ठेवला. गटाला हे प्रमाण योग्य वाटलं. सगळ्यांनाच आधी कळलं असतं तर वॉर्डनबाई जास्त बोलल्या असा अर्थ झाला असता.

पहिला बेत गणेशोत्सवात मंडळाच्या पडद्यावर दाखवायचा होता. तो सोडावा लागला, कारण ते सार्वजनिक प्रदर्शन ठरतं आणि त्याला सेन्सॉर मंडळाचं प्रमाणपत्र लागतं, मग प्रवेश फुकट असो वा नसो. २०२३ च्या दुरुस्तीनंतर यूए मध्ये ७, १३ आणि १६ असे वयोगट झाले आहेत. गटाने यूए १६+ डोळ्यांसमोर ठेवून अर्जाची कागदपत्रं जमवली. तोवर दाखवणं फक्त निमंत्रितांपुरतं.

वेगळं काय करता आलं असतं

दोन रकान्यांचा कागद पहिल्या दिवशी व्हायला हवा होता. चार खुनांच्या मसुद्यावर गेलेले दोन महिने त्याने वाचले असते, कारण तो मसुदा जवळजवळ पूर्ण डाव्या रकान्यातच बसत होता.

टेलिफोन खात्यातले काका संहिता वाचायला बसवायला हवे होते. गोष्ट ज्या यंत्रावर उभी आहे ते यंत्र चालवलेला माणूस गल्लीतच होता, आणि त्याला बोलावलं ते प्रेक्षक म्हणून. शेडच्या मालकांचंही तेच. त्यांचा प्रश्न संहितेच्या पहिल्या वाचनात आला असता तर विणकराचा भूतकाळ लिहिलाच गेला नसता.

ध्वनीच्या खुणा असलेल्या चित्रपटात संकलकाला एक तक्ता द्यावा लागतो: कुठल्या मिनिटाला कुठला फोन, एकेरी की जोडी, आणि ‘बदलू नये’ असा शेरा. तो नव्हता. सहायकाने जे केलं ते कोणीही केलं असतं.

एका मुद्द्यावर गटात अजून एकमत नाही. १८ समोरची कोरी जागा शेवटी पुन्हा दाखवावी का? दिग्दर्शकाला तिथे शाईने काढलेली एक रेघ हवी होती, जणू कोणी नाव लिहायला सुरुवात केली आणि थांबलं. तो शॉट चित्रित झालेला आहे. सध्याच्या जोडात तो नाही.